कूटचलनाच्या उपयुक्ततेविषयीचा वाद

कूटचलन अर्थात क्रिप्टोकरन्सी समाजाला खरोखर उपयोगी आहे, की तिचा मुख्य लाभ गुन्हेगारांनाच होतो, हा अर्थशास्त्र, कायदा आणि सार्वजनिक धोरण या क्षेत्रांत २०११ पासून सातत्याने चर्चिला जाणारा वाद आहे. बँक किंवा सरकार यांच्या परवानगीवाचून जगात कोठेही पैसे पाठवता येणे हा कूटचलनाचा मोठा गुण आहे, असे त्याचे समर्थक मानतात. याच गुणामुळे खंडणीखोर, अमली पदार्थांचे विक्रेते आणि फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना सोयीचे साधन मिळाले, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. कूटचलनाच्या एकूण व्यवहारांत गुन्हेगारीचा वाटा किती, याचे अंदाज मोजण्याच्या पद्धतीनुसार एक टक्क्याहून कमी ते जवळजवळ निम्मा इतके भिन्न आहेत. मात्र हा वाटा लहान ठरला तरी त्यावरून उपयुक्तता आपोआप सिद्ध होत नाही, कारण उरलेल्या व्यवहारांचा मोठा भाग खरेदी-विक्रीतील सट्ट्याचा असल्याचे आढळले आहे.

पार्श्वभूमी

सातोशी नाकामोतो हे टोपणनाव धारण करणाऱ्या व्यक्तीने किंवा गटाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनची संकल्पना मांडणारा नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध केला. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या साखळीतील पहिला खंड तयार झाला. २२ मे २०१० रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील एका संगणक प्रोग्रामरने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मिळवले. प्रत्यक्ष वस्तूसाठी बिटकॉइन दिल्याचा हा पहिला प्रसिद्ध व्यवहार मानला जातो.

बँकेतील खात्याची नोंद बँक ठेवते आणि ती इतरांना दिसत नाही. बिटकॉइनची नोंद ब्लॉकचेन नावाच्या सामायिक खातेवहीत होते. या खातेवहीची प्रत जगभरातील हजारो संगणकांवर असते, ती कोणालाही वाचता येते आणि एकदा झालेली नोंद व्यवहारतः पुसता येत नाही. ज्याच्याजवळ खात्याची गुप्त चावी असते तो थेट रक्कम पाठवू शकतो. खातेवहीत व्यक्तीचे नाव नसते, अक्षरे व अंक यांनी बनलेला पत्ता असतो. म्हणजे बिटकॉइनचा व्यवहार अनामिक नसून टोपणनावाने केलेला असतो. एखादा पत्ता कोणाचा हे एकदा कळले, की त्या पत्त्यावरून झालेले पूर्वीचे सर्व व्यवहार उघड होतात.

व्यवहार अडवू शकणारा मध्यस्थ नसणे आणि नोंद सर्वांसमोर कायम राहणे या दोन वैशिष्ट्यांभोवती पुढील सर्व वाद फिरतो.

गुन्हेगारीतील वापर

अवैध बाजारपेठा

कूटचलन आणि गुन्हेगारी यांची सांगड जनमानसात घट्ट होण्यास सिल्क रोड ही बाजारपेठ कारणीभूत ठरली. २०११ मध्ये डार्क वेबवर सुरू झालेल्या या संकेतस्थळावर प्रामुख्याने अमली पदार्थांची विक्री होत असे आणि मोबदला बिटकॉइनमध्ये द्यावा लागे. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेने ते बंद पाडले आणि त्याचा चालक रॉस उलब्रिक्ट यास सॅन फ्रान्सिस्को येथील सार्वजनिक ग्रंथालयात अटक केली. २०१५ मध्ये त्याला जन्मठेप झाली, तर जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यास माफी दिली. या प्रकरणाचा तपास करणाऱ्या दोन संघराज्यीय अधिकाऱ्यांनीच बिटकॉइन लाटल्याचे पुढे निष्पन्न झाले आणि त्यांनाही शिक्षा झाली.

खंडणी सॉफ्टवेअर

संगणकातील माहिती कुलूपबंद करून ती सोडवण्यासाठी पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरला रॅन्समवेअर म्हणतात. असे गुन्हे कूटचलनाच्या आधीही होत असत, परंतु खंडणी स्वीकारताना गुन्हेगार पकडला जाण्याचा धोका मोठा होता. सीमापार आणि परत न फिरवता येणारे शोधन उपलब्ध झाल्यावर हा अडसर दूर झाला.

मे २०१७ मधील वॉनाक्राय हल्ल्यात दीडशेहून अधिक देशांतील संगणक बाधित झाले. प्रत्येक संगणकामागे सुरुवातीस ३०० डॉलर किमतीच्या बिटकॉइनची मागणी करण्यात आली होती. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत या हल्ल्यामुळे रुग्णांच्या सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्याचा अंदाज तेथील लेखापरीक्षण कार्यालयाने व्यक्त केला, तर आरोग्य खात्याने एकूण नुकसान सुमारे ९.२ कोटी पौंड इतके सांगितले. हल्लेखोरांच्या खात्यांत प्रत्यक्षात जमा झालेली रक्कम मात्र सुमारे १.४ लाख डॉलर होती. कूटचलनाच्या त्या वर्षीच्या उलाढालीत ही रक्कम नगण्य ठरते. गुन्ह्यात फिरलेला पैसा आणि गुन्ह्याने झालेली हानी या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत, हे दाखवण्यासाठी या हल्ल्याचे उदाहरण उपयुक्त ठरते.

चोरी आणि फसवणूक

कूटचलनाची खरेदी-विक्री करणारी विनिमय केंद्रे वारंवार चोरीची लक्ष्ये ठरली आहेत. टोकियोतील माउंट गॉक्स हे केंद्र फेब्रुवारी २०१४ मध्ये कोसळले, तेव्हा सुमारे ८.५ लाख बिटकॉइन गहाळ झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यांपैकी सुमारे दोन लाख नंतर सापडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या केंद्रातून सुमारे दीड अब्ज डॉलर किमतीचे कूटचलन चोरीस गेले. अमेरिकेच्या एफबीआयने या चोरीसाठी उत्तर कोरियास जबाबदार धरले.

सामान्य माणसाला अधिक झळ बसते ती गुंतवणुकीच्या बनावट योजनांची. एफबीआयकडे २०२४ मध्ये आलेल्या तक्रारींनुसार कूटचलनाशी संबंधित गुन्ह्यांतील नुकसान ९.३ अब्ज डॉलर होते. समाजमाध्यमांवरून ओळख वाढवून, विश्वास संपादन करून बनावट ॲपवर गुंतवणूक करायला लावणे ही त्यातील रूढ पद्धत आहे. अशा अनेक टोळ्या आग्नेय आशियातील बंदिस्त वसाहतींतून चालतात. तेथे काम करणारे अनेक जण स्वतःच नोकरीच्या आमिषाने फसवून आणलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १.२ लाख आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना अशा कामास जुंपले गेले होते. या वसाहतींतून सुटका झालेल्यांत भारतीय नागरिकही आहेत.

गुन्हेगारीच्या प्रमाणाचे मोजमाप

सीन फोली, जॉनथन कार्लसन आणि टॅलिस पुटनिन्श या संशोधकांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास टीकाकारांकडून नेहमी उद्धृत केला जातो. बिटकॉइन वापरणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक आणि एकूण व्यवहारांपैकी सुमारे ४६ टक्के व्यवहार अवैध कृत्यांशी निगडित असून त्यांचे वार्षिक मूल्य सुमारे ७६ अब्ज डॉलर आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कूटचलनाकडे सर्वसामान्य गुंतवणूकदारांचा ओघ वाढू लागल्यावर अवैध व्यवहारांचे प्रमाण घटत गेल्याचेही त्यांनी नमूद केले.

ब्लॉकचेनचे विश्लेषण करणाऱ्या चेनॲलिसिस या खासगी कंपनीचे आकडे याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. तिच्या वार्षिक अहवालांत अवैध पत्त्यांवर गेलेल्या कूटचलनाचे मूल्य २०२३ साठी २४.२ अब्ज डॉलर म्हणजे एकूण उलाढालीच्या ०.३४ टक्के, आणि २०२४ साठी ४०.९ अब्ज डॉलर म्हणजे ०.१४ टक्के दिले होते. रक्कम वाढूनही टक्केवारी घटली, कारण एकूण उलाढाल त्याहून वेगाने वाढली.

या तफावतीमागे मुख्यतः तीन कारणे आहेत. पहिले कारण असे की, फोली व सहकाऱ्यांची टक्केवारी व्यवहारांच्या संख्येची आहे, तर चेनॲलिसिसची मूल्याची. दुसरे कारण संशयितांच्या निवडीशी संबंधित आहे. संशोधकांनी व्यवहारांच्या जाळ्यावरून संशयित वापरकर्ते ओळखले होते, तर कंपनी गुन्हेगारांचे म्हणून निश्चित झालेले पत्तेच मोजते. त्यामुळे तिचे आकडे खालची मर्यादा दाखवतात आणि नवे पत्ते उघडकीस आल्यावर वाढतात. २०२२ साठी सुरुवातीस सुमारे २० अब्ज डॉलर हा आकडा दिला होता, तो वर्षभरानंतर ३९.६ अब्ज करण्यात आला. तिसरे कारण म्हणजे, रोख रकमेत झालेल्या गुन्ह्याचा पैसा पुढे कूटचलनात बदलला गेल्यास तो केवळ ब्लॉकचेनवरून ओळखणे कठीण असते.

इगोर मकारोव आणि आंत्वानेट शोअर यांच्या २०२१ मधील संशोधनानुसार अवैध व्यवहार, फसवणूक आणि जुगार मिळून बिटकॉइनच्या उलाढालीच्या तीन टक्क्यांहून कमी होते. याच संशोधनात असेही आढळले की, ब्लॉकचेनवर दिसणाऱ्या उलाढालीपैकी सुमारे ९० टक्के उलाढाल कोणत्याही आर्थिक देवघेवीशी संबंधित नव्हती. उरलेल्या खऱ्या उलाढालीचा बहुतांश भाग विनिमय केंद्रांशी जोडलेला होता. म्हणजे छेदस्थानी कोणती संख्या ठेवली यावर टक्केवारी अवलंबून राहते. सट्ट्याची उलाढाल वाढली की गुन्हेगारी कमी न होताही तिचा वाटा घटलेला दिसतो.

कूटचलनाचे समर्थक पारंपरिक पैशाशीही तुलना करतात. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाच्या अंदाजानुसार जगाच्या स्थूल उत्पन्नाच्या २ ते ५ टक्के इतका काळा पैसा दरवर्षी पांढरा केला जातो आणि त्यात रोख रक्कम, बँका व बनावट कंपन्या यांचा वापर होतो. एकूण रकमेच्या दृष्टीने कूटचलनाचा वाटा यापुढे लहान आहे. परंतु रोख रक्कम आणि बँका यांच्यावर दैनंदिन अर्थव्यवहार चालतो, कूटचलनावर तसा चालत नाही, म्हणून ही तुलना अपुरी असल्याचे टीकाकार म्हणतात.

खुल्या खातेवहीचा दुहेरी परिणाम

कूटचलन गुन्हेगाराला लपवते, या समजुतीला तपास यंत्रणांच्या अनुभवाने बऱ्याच अंशी छेद दिला आहे. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कोलोनिअल पाइपलाइन या इंधनवाहिनीच्या संगणकांवर हल्ला झाल्यावर कंपनीने ७५ बिटकॉइन खंडणी दिली. महिन्याभरातच तपास यंत्रणेने ब्लॉकचेनवरील माग काढून त्यांपैकी ६३.७ बिटकॉइन जप्त केले. बिटफायनेक्स या केंद्रातून २०१६ मध्ये चोरीस गेलेल्या सुमारे १,१९,७५४ बिटकॉइनपैकी ९४,००० हून अधिक बिटकॉइन फेब्रुवारी २०२२ मध्ये हस्तगत झाले. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती विकणारे, दक्षिण कोरियातून चालणारे एक संकेतस्थळ बिटकॉइनच्या मागावरून उघडकीस आले आणि ऑक्टोबर २०१९ पर्यंत विविध देशांत ३३७ जणांना अटक झाल्याचे जाहीर करण्यात आले. न पुसली जाणारी नोंद वर्षानुवर्षे पुरावा म्हणून टिकते, हे या प्रकरणांतून दिसते.

गुन्हेगारांनी यावर उपाय शोधले आहेत. अनेकांची नाणी एकत्र मिसळून परत देणाऱ्या मिक्सर सेवा, व्यवहाराचा तपशील झाकणारी मोनेरोसारखी कूटचलने आणि ग्राहकांची ओळख न तपासणारी विनिमय केंद्रे हे त्यांतील प्रमुख आहेत. टोर्नेडो कॅश या मिक्सरवर अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये निर्बंध लादले. वेतन किंवा देणगी गुप्त ठेवू इच्छिणारे प्रामाणिक लोकही असे साधन वापरतात, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने हे निर्बंध अधिकारकक्षेबाहेरचे ठरवले आणि मार्च २०२५ मध्ये ते उठवण्यात आले. चेनॲलिसिसच्या मते २०२४ मध्ये अवैध उलाढालीचा ६३ टक्के भाग डॉलरशी मूल्य बांधलेल्या स्टेबलकॉइन प्रकारच्या नाण्यांत होता.

उपयुक्ततेच्या बाजूचे मुद्दे

बँकव्यवस्था नाकारली गेलेल्यांना पर्याय

ऑक्टोबर २०२० मध्ये नायजेरियात पोलिसी अत्याचारांविरुद्ध आंदोलन उभे राहिले. आंदोलकांना मदत करणाऱ्या फेमिनिस्ट कोअलिशन या महिलांच्या गटाचे बँक खाते बंद झाल्यावर त्यांनी बिटकॉइनमध्ये देणग्या स्वीकारल्या. रशियाच्या आक्रमणानंतर दोनच दिवसांनी, २६ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेन सरकारने कूटचलनात मदत देण्याचे आवाहन केले आणि काही आठवड्यांत कोट्यवधी डॉलर जमा झाले. मध्यस्थ नसल्याचा लाभ खंडणीखोराला मिळतो तसाच तो दडपशाही किंवा युद्ध सोसणाऱ्यांनाही मिळतो, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे.

महागाईपासून बचाव

अर्जेंटिनात २०२३ मध्ये वार्षिक महागाईचा दर २०० टक्क्यांच्या वर गेला. अशा देशांत परकीय चलन मिळवण्यावर निर्बंध असल्यास लोक डॉलरशी बांधलेल्या कूटचलनात बचत ठेवतात. या वापरात नफ्याची अपेक्षा गौण असून बचतीचे मूल्य टिकवणे हा हेतू असतो.

परदेशातून घरी पैसे पाठवणे

जागतिक बँकेच्या पाहणीनुसार परदेशातून २०० डॉलर घरी पाठवण्याचा सरासरी खर्च सहा टक्क्यांहून अधिक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांत तो २०३० पर्यंत तीन टक्क्यांखाली आणण्याचे उद्दिष्ट आहे. कूटचलनाने हा खर्च कमी होऊ शकतो, असे समर्थक सांगतात. तथापि मिळालेले कूटचलन स्थानिक चलनात बदलण्याचे शुल्क त्यात धरावे लागते.

उपयुक्ततेवरील आक्षेप

दैनंदिन चलन म्हणून कूटचलनाची सर्वांत मोठी परीक्षा एल साल्वादोर या देशात झाली. ७ सप्टेंबर २०२१ पासून तेथे बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा मिळाला. सरकारी वॉलेट घेणाऱ्या प्रत्येक नागरिकास ३० डॉलर किमतीचे बिटकॉइन देण्यात आले. पुढील पाहणीत असे दिसले की, बहुतेक लोकांनी ही रक्कम खर्च केल्यावर वॉलेटचा वापर थांबवला. परदेशातून येणाऱ्या रकमांपैकी कूटचलनाच्या वॉलेटमधून येणारा भाग दोन टक्क्यांहूनही कमी राहिला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी झालेल्या १.४ अब्ज डॉलरच्या कर्जकरारानंतर जानेवारी २०२५ मध्ये बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती काढून टाकण्यात आली.

किमतीतील चढउतार हा दुसरा आक्षेप आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरवर असलेला बिटकॉइन वर्षभरात १६,००० डॉलरच्या खाली आला. ज्याचे मूल्य असे बदलते त्यात वेतन, भाडे किंवा कर्ज ठरवणे कठीण असते. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांच्या मते इतकी वर्षे लोटूनही सामान्य आर्थिक व्यवहारांत कूटचलनाला फारसे स्थान मिळालेले नाही. याउलट, अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचे माजी कार्यवाहक संचालक मायकेल मॉरेल यांनी २०२१ मध्ये लिहिलेल्या निबंधात बिटकॉइनच्या गुन्हेगारी वापराविषयीची सरसकट विधाने अतिशयोक्त असल्याचे म्हटले. हा निबंध कूटचलन उद्योगाच्या एका संघटनेसाठी लिहिला होता.

मध्यस्थाची गरज नाही, हा दावाही व्यवहारात पूर्णपणे खरा ठरलेला नाही. बहुसंख्य ग्राहक आपली नाणी विनिमय केंद्राकडेच ठेवतात. एफटीएक्स हे केंद्र नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेले. ग्राहकांच्या पैशांचा अपहार केल्याबद्दल त्याचा संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड यास मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. बिटकॉइनसाठी लागणाऱ्या प्रचंड विजेवरही टीका होते. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या कूटचलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये कार्यपद्धती बदलून आपला वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटवला.

भारतातील स्थिती

भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना कूटचलनाशी संबंधित सेवा देण्यास मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई प्रमाणाबाहेरची ठरवून रद्द केली. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पाने आभासी डिजिटल मालमत्तेच्या उत्पन्नावर ३० टक्के कर आणि हस्तांतरणाच्या वेळी १ टक्का करकपात लागू केली. मार्च २०२३ मध्ये विनिमय केंद्रांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणून ग्राहकांची ओळख तपासणे व संशयास्पद व्यवहार कळवणे बंधनकारक करण्यात आले. असे असले तरी कर आकारल्याने कूटचलनास चलनाचा दर्जा मिळत नाही. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन उपगव्हर्नर टी. रबी शंकर यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये कूटचलनावर बंदी हाच बहुधा योग्य मार्ग असल्याचे मत मांडले होते. युपीआयमुळे देशांतर्गत पैसे पाठवणे तत्काळ आणि सामान्यतः विनाशुल्क झाले असल्याने या कामासाठी कूटचलनाची गरज भारतात कमी भासते.

महाराष्ट्रात गेनबिटकॉइन या योजनेचे प्रकरण विशेष गाजले. गुंतवलेल्या बिटकॉइनवर अठरा महिने दरमहा १० टक्के परतावा देण्याचे आश्वासन या योजनेत दिले जात असे. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये योजनेच्या मुख्य सूत्रधारास अटक केली. पुढे मार्च २०२२ मध्ये, या तपासात तांत्रिक साहाय्यासाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनीच जप्तीतील कूटचलन परस्पर वळवल्याचा आरोप ठेवून पुणे पोलिसांनी त्यांना अटक केली. प्रकरणाचा तपास नंतर केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवण्यात आला. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय विनिमय केंद्रातून सुमारे २३ कोटी डॉलरहून अधिक मूल्याचे कूटचलन चोरीस गेले आणि ग्राहकांना आपली रक्कम काढता येईनाशी झाली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनाद्वारे या चोरीसाठी उत्तर कोरियास जबाबदार धरले.

नियमनाचे मार्ग

या वादाला विविध देशांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. चीनने सप्टेंबर २०२१ मध्ये कूटचलनाचे सर्व व्यवहार अवैध घोषित केले. युरोपीय संघाने परवाना व ग्राहकसंरक्षण यांवर भर देणारा एकत्रित कायदा केला आणि तो ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्णतः लागू झाला. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये स्टेबलकॉइनसाठी संघराज्यीय कायदा संमत झाला. आर्थिक कृती दल या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये असा दंडक घातला की, विनिमय केंद्रांनी पैसे पाठवणारा आणि स्वीकारणारा यांची माहिती एकमेकांना द्यावी. कूटचलन रुपया किंवा डॉलर यांत बदलले जाते त्या ठिकाणी ओळख तपासणे, हे यांतील बहुतेक नियमांचे समान सूत्र आहे. नियम सैल असलेल्या देशांत गुन्हेगारांचे व्यवहार सरकत असल्याने एका देशाच्या नियमांची परिणामकारकता इतर देशांच्या अंमलबजावणीवर अवलंबून राहते.